सामाईक संगणक आणि जागेचा हिशेब

सामाईक विहिरीचे पाणी पुरेनासे झाले की गावातील जाणती माणसे प्रथम पाळी ठरवितात; विहीर खोल करण्याचा विचार त्यानंतर होतो. महाविद्यालयांतील संगणक-प्रयोगशाळांत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. संगणकाची डिस्क भरली की पहिली मागणी नव्या डिस्कची होते. ती मंजूर होईपर्यंत सत्र संपत येते, आणि नवी डिस्क आली की तीही पहिलीसारखीच भरते. पाळी ठरविण्याचे काम तेवढे राहून जाते.

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील शिक्षणाची दोन मोठी केंद्रे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासूनचे, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे, तर आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणारे अमरावती विद्यापीठ १९८३ चे. या संस्थांत आणि त्यांच्या आसपासच्या महाविद्यालयांत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्रीय पृथक्करणाचे, वाणिज्यच्या विद्यार्थ्याला हिशेबाचे, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आरेखनाचे आणि संशोधकाला प्रबंध जुळविण्याचे सॉफ्टवेअर लागते. ही सॉफ्टवेअरे वर्षागणिक अवजड होत चालली आहेत. आणि ज्या संगणकांवर ती बसवावयाची ते संगणक कोणा एकाचे नसून शेकडो जणांचे आहेत. या कात्रीत सापडतो तो विद्यार्थी. त्यातही सर्वच विद्यार्थी सारखे सापडत नाहीत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. शहरी कुटुंबांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. मोबाइल फोन हाती आला म्हणून हे अंतर मिटत नाही, कारण फोनवर प्रकल्प-अहवाल सिद्ध होत नाही. ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप आहे त्याला प्रयोगशाळेतील डिस्क भरली काय आणि रिकामी राहिली काय, फारसा फरक पडत नाही. परंतु दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा बाळापूरहून एस.टी.ने येणाऱ्या ज्या मुलीला महाविद्यालयातील दोन तासांची तासिका हाच संगणकाशी येणारा सारा संबंध, तिच्यापुढे ‘जागा शिल्लक नाही’ ही ओळ उमटते तेव्हा तिचा तो दिवस फुकट जातो. डिस्कवरील जागेचा प्रश्न हा म्हणूनच निव्वळ तांत्रिक राहत नाही. तो वाटपाचा प्रश्न होतो.

जागा जाते कोठे?

संगणकाच्या साठवणुकीचा इतिहास पाहिला तर जागेचा तुटवडा भासावा हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. १९८३ साली बाजारात आलेल्या ‘आयबीएम’च्या ‘पीसी एक्सटी’ या संगणकाची डिस्क १० मेगाबाइटची होती. १९९५ मध्ये ‘विंडोज ९५’ ही प्रणाली १३ फ्लॉपींवर मिळत असे. आज ‘विंडोज ११’ साठी किमान ६४ गिगाबाइटची साठवण मागितली जाते. म्हणजे त्या जुन्या संगणकाच्या सुमारे ६,४०० डिस्का केवळ मूळ प्रणालीच्या पायासाठी लागाव्यात! साठवण स्वस्त होत गेली तसतशी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना काटकसरीची गरज उरली नाही. पुरवठा वाढला की मागणी त्याच्या मागोमाग पसरते, हा अनुभव रस्त्यांच्या आणि विजेच्या बाबतीत आला, तोच येथेही आला.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष बसविण्याच्या वेळची. सॉफ्टवेअर आपल्यापर्यंत येते ते दाबून बांधलेल्या स्वरूपात. वऱ्हाडातील वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी लांब जावयास नको. प्रेसमधून निघालेली १७० किलोंची रुईची गाठ केवढीशी दिसते. तीच सोडली की खोली भरते. सॉफ्टवेअरची गाठ संगणकावर उतरवून सोडली जाते तेव्हा काही काळ गाठही तेथेच असते आणि सुटलेला मालही तेथेच असतो. म्हणून सहा गिगाबाइटचे सॉफ्टवेअर सहा गिगाबाइट मोकळ्या जागेत बसेलच असे नाही. काम अर्ध्यावर येऊन थांबते आणि अर्धवट सुटलेल्या फायली मागे राहून उरलीसुरली जागाही अडवितात. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. बसवून झाल्यावरही मूळ गाठ ‘डाउनलोड’च्या फोल्डरमध्ये तशीच पडून राहते, कारण ती काढून टाकणे हे कोणाचेच काम नसते.

तिसरे कारण मांडणीचे. संगणक खरेदीच्या वेळी डिस्कचे दोन-तीन भाग पाडून ठेवण्याची पद्धत आहे. मूळ प्रणाली ज्या भागात असते तो ‘सी’ भाग लहान ठेवला जातो, आणि जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर आपणहून तेथेच जाऊन बसते. तो भाग तुडुंब भरतो आणि शेजारचा ‘डी’ भाग रिकामा राहतो. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखाली पाणी असून तहान भागत नाही, त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा.

परंतु या तिन्हींहून मोठे कारण चौथे आहे. एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती एकाच यंत्रात साठतात. ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रणालीचे उदाहरण घ्यावे. ती विनामूल्य आहे आणि तिला जोडावयाची पूरक संपुटे वीस हजारांहून अधिक आहेत. सामाईक संगणकाच्या समान फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी विद्यार्थ्याला नसते. म्हणून एखादे संपुट हवे झाले की प्रणाली त्याला विचारते, तुमच्यापुरता वेगळा संग्रह उघडू का? तो अर्थातच होकार देतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात साठ संग्रह उघडतात आणि त्यांत तीच तीच संपुटे साठ वेळा येऊन बसतात. विंडोजवरील कित्येक ब्राउझर आणि संपादक असेच प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाखाली वेगळे बसतात. हिशेब सोपा आहे. सहा गिगाबाइटचे साहित्य साठ जणांनी वेगवेगळे बसविले तर ३६० गिगाबाइट जातात. सर्वांसाठी एकदाच बसविले तर सहा. पहिल्या पद्धतीत २५६ गिगाबाइटची डिस्क साऱ्या वर्गाला पुरत नाही, शिवाय त्यातील बरीच जागा मूळ प्रणालीनेच घेतलेली असते.

तुटवड्यातून साठेबाजी

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचयाचे असे दृश्य दिसू लागते. जागा मिळेल की नाही याची खात्री नसली की माणूस गरजेपेक्षा अधिक जागा अडवून ठेवतो. प्रकल्प संपला तरी विद्यार्थी आपल्या फायली काढीत नाही, कारण एकदा सोडलेली जागा पुन्हा मिळेल हा भरवसा त्याला नसतो. शिक्षक मागील तीन वर्षांच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या राहू देतात, कारण नवी चालली नाही तर जुनी हाताशी असावी असे त्यांना वाटते. प्रत्येकाचे वागणे त्याच्या जागी शहाणपणाचे असते आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र सर्वांच्या गैरसोयीत होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाची जी शोकांतिका वर्णिली ती हीच.

या शोकांतिकेवर प्रयोगशाळांत दोन उपाय योजले जातात, आणि दोन्ही सदोष आहेत. पहिला उपाय संपूर्ण बंदीचा. कोणीही काहीही बसवावयाचे नाही, आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की सर्व काही पूर्वस्थितीला जाईल अशी योजना करून ठेवावयाची. यामुळे यंत्र स्वच्छ राहते. पण विद्यार्थ्याने सकाळी केलेले काम दुपारी नाहीसे झालेले असते. दुसरा उपाय संपूर्ण मोकळीकीचा. त्यात जो प्रथम येईल त्याला जागा मिळते, आणि प्रथम कोण येतो? ज्याला संगणकाची आधीपासून सवय आहे तो. म्हणजे बहुधा तोच, ज्याच्या घरी संगणक आहे. बंदीने सर्वांचे सारखे नुकसान होते, मोकळीकीने दुर्बळाचे अधिक होते.

सामाईक मालमत्तेचा नाश अटळ आहे हे हार्डिन यांचे अनुमान एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मान्य केले नाही. कुरणे, जंगले, पाटाचे पाणी आणि मासेमारीची क्षेत्रे यांचा जगभर अभ्यास करून त्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, जेथे हक्कदार कोण हे ठरलेले असते, वापराचे नियम वापरणाऱ्यांच्या सहभागाने होतात, देखरेख असते आणि नियमभंगाला चढत्या क्रमाने शासन असते, तेथे सामाईक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती-पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेतील डिस्क ही पाटाच्या पाण्यासारखीच वस्तू आहे. एकाने घेतलेली जागा दुसऱ्याला मिळत नाही, आणि कोणाला सहज अडविताही येत नाही.

एक प्रत, अनेक वापरणारे

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तरही नवे नाही. भारतात संगणक आला तोच मुळी सामाईक वस्तू म्हणून आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये ‘सीडीसी ३६००’ हा संगणक आला आणि देशातील अनेक संस्थांचे काम त्यावर होऊ लागले. त्याच वर्षी दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संस्थेत ‘आयबीएम १६२०’ बसला. १९७७ मध्ये तेथे ‘बरोज बी-४७००’ आला. ज्यांच्या संख्याशास्त्रावरील १९५४ च्या ग्रंथावर कृषी-संशोधकांच्या पिढ्या पोसल्या, त्या वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघांनी या संस्थेचा पाया घातला. त्या काळी संशोधक आपली आकडेवारी घेऊन यंत्राकडे जात असे. गणिताची साधने यंत्रापाशी एकाच जागी राहत; प्रत्येकाने आपापली वेगळी प्रत आणावी ही कल्पनाच शक्य नव्हती.

पुढे वैयक्तिक संगणक आले आणि यंत्रागणिक सॉफ्टवेअर वेगळे झाले. परंतु साधने अवजड आणि महाग होताच कृषी-संशोधनाचे क्षेत्र पुन्हा जुन्या तत्त्वाकडे वळले. राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्पाखाली २००९ च्या सुमारास ‘सॅस’ हे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर देशभरातील कृषी संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठे यांच्यासाठी एकत्रितपणे घेण्यात आले. इतकेच नव्हे, तर दिल्लीच्या संस्थेने इंटरनेटवर एक संगणन-केंद्र उघडले. त्यात संशोधकाने आपली आकडेवारी पाठवावी आणि पृथक्करण परत घ्यावे, आपल्या यंत्रावर काहीही बसवू नये, अशी सोय करण्यात आली. अवजड वस्तू एका जागी आणि हलकी वस्तू प्रवासाला, हे त्यामागील सूत्र होते. दोन मेगाबाइटच्या आकडेवारीसाठी कित्येक गिगाबाइटचे सॉफ्टवेअर शंभर ठिकाणी नेण्यापेक्षा ती आकडेवारीच सॉफ्टवेअरकडे नेणे केव्हाही स्वस्त.

युनिक्स आणि तिच्या वंशातील लिनक्स या प्रणाली तर प्रथमपासूनच अनेकांच्या वापरासाठी घडविल्या गेल्या. त्यांत सर्वांसाठी असलेली साधने एका समान फोल्डरमध्ये राहतात. ती सर्वांना चालविता येतात, बदलता मात्र कोणालाच येत नाहीत. प्रत्येकाच्या खासगी कामाचे फोल्डर वेगळे असते आणि त्याला मर्यादा घालता येते. ज्या वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले त्याच १९८३ साली बर्कले येथून निघालेल्या युनिक्सच्या आवृत्तीत या मर्यादेची, म्हणजे डिस्क-कोट्याची, सोय होती. तिची रचना मोठी समंजस आहे. मर्यादा दोन असतात. पहिली ओलांडली की सूचना मिळते आणि आवरासावर करण्यासाठी काही दिवसांची सवलत मिळते. दुसरी ओलांडताच येत नाही. सूचना, सवलत आणि मग अटकाव, हा ऑस्ट्रॉम यांनी सांगितलेला चढता क्रम त्या यंत्रज्ञांनी आधीच अमलात आणला होता.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

यावर असे म्हटले जाईल की, डिस्क आता स्वस्त आहे, मोठी का घेऊ नये? जरूर घ्यावी. परंतु साठ प्रतींची सवय कायम राहिली तर दुप्पट डिस्क दुप्पट प्रतींनी भरेल. दुसरा आक्षेप असा की, सर्व कामे आता इंटरनेटवरच होऊ शकतात. ते अंशतः खरे आहे. परंतु ज्या प्रयोगशाळेत तीस संगणक एकाच जोडणीवर चालतात तेथे इंटरनेट हीही सामाईक आणि अपुरी वस्तूच असते. एका टंचाईतून सुटून दुसरीत पडण्याने हिशेबाची जबाबदारी टळत नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका शिक्षकाला जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. मग एकच प्रत कशी चालेल? तर दोन ठेवाव्यात, स्वतंत्र फोल्डरांत. सहाच्या जागी बारा गिगाबाइट जातील, ३६० जाणार नाहीत. शिवाय समान प्रत कोणाला बदलता येत नसल्यामुळे पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या विषाणूंपासून तिचे रक्षण होते, हा लाभ वेगळाच.

काटकसरीची इतरही साधने उपलब्ध आहेत, पण ती वापरणारा पाहिजे. प्रबंध आणि गणिती मजकूर जुळविण्यासाठी वापरली जाणारी ‘टेक लाइव्ह’ ही प्रणाली पूर्ण घेतली तर सात-आठ गिगाबाइट व्यापते; परंतु ती लहान, मध्यम किंवा पूर्ण अशा निरनिराळ्या मापांत बसविता येते आणि माहितीपुस्तिका व मूळ आज्ञावली वगळल्यास बरीच जागा वाचते. महागड्या व्यापारी सॉफ्टवेअरऐवजी ‘सायलॅब’सारखी मुक्त साधने स्वीकारण्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘फॉसी’ प्रकल्प महाविद्यालयांना मदत करीत आला आहे. मुक्त सॉफ्टवेअरची एक प्रत साठ जणांनी वापरली तरी परवान्याचा प्रश्न येत नाही. सामाईक प्रतीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व किमतीइतकेच आहे.

नोंदवहीत नसलेली वस्तू

मग हे होत का नाही? कारण आपल्या संस्थांच्या हिशेबपद्धतीत वस्तू दिसते, व्यवस्था दिसत नाही. संगणक आला की जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद होते, त्याला क्रमांक पडतो, वर्षअखेर मोजदाद होते. अनुदान यंत्रासाठी मिळते आणि मूल्यांकनाच्या वेळी विद्यार्थ्यांमागे संगणक किती, ही संख्या मागितली जाते. त्या संगणकांपैकी किती चालतात, त्यांवर मोकळी जागा किती, नेमून दिलेले सॉफ्टवेअर त्यांवर उघडते का, हे प्रश्न कोणत्याही रकान्यात येत नाहीत. ज्याची नोंद नाही त्याची जबाबदारी नाही, आणि ज्याची जबाबदारी नाही त्यासाठी तरतूद नाही. प्रयोगशाळा सहायकाकडे किल्ली असते, अधिकार नसतो. अध्यापकाकडे अभ्यासक्रम असतो, यंत्राचा संकेतशब्द नसतो.

यावर करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विभागाने आपल्या अभ्यासक्रमाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी आवृत्तीसह लेखी द्यावी. यादीतील प्रत्येक साधन समान जागी एकदाच बसवावे. प्रत्येक विद्यार्थ्याला खासगी कामासाठी ठरावीक जागा मिळावी, आणि ती त्याची आहे, दुसऱ्या कोणाची नाही, ही हमी असावी. हमी मिळाली की साठेबाजीचे कारण संपते. सत्रअखेर आवरासावरीची तारीख जाहीर करावी आणि त्यापूर्वी आपले काम काढून घेण्याची पुरेशी सूचना द्यावी. न सांगता पुसून टाकणे हे चोरीहून वेगळे नाही. हे सर्व ज्याने करावयाचे त्या माणसाला नाव, वेळ आणि अधिकार द्यावा, आणि नियम ठरविताना दोन विद्यार्थी प्रतिनिधींना बसवावे.

विद्यापीठालाही यात भाग घेता येईल. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांना एकच अभ्यासक्रम लागू असतो. मग त्या अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअरे प्रत्येक महाविद्यालयाने दूरच्या सर्व्हरवरून पुन्हा पुन्हा का उतरवावीत? विद्यापीठाने आपल्या सर्व्हरवर त्यांचा एक भरवशाचा साठा ठेवला आणि अभ्यासक्रमासोबत लागणारी जागाही छापली, तर प्राचार्यांना खरेदीपूर्वीच गरजेचा अंदाज येईल. पाठ्यपुस्तकाची यादी देताना ते ग्रंथालयात मिळेल की नाही याची काळजी वाहणे हे अभ्यासमंडळाचे कर्तव्य मानले जाते. सॉफ्टवेअरला तो न्याय का असू नये?

ग्रंथालयाचा हा दाखला सहज आलेला नाही. गरीब विद्यार्थ्याला पुस्तक विकत घेता येत नाही म्हणून ते सर्वांसाठी एकदा घेऊन, नोंदवून, वेळेवर परत येईल अशी व्यवस्था करून ठेवावे, ही कल्पना आपल्या महाविद्यालयांनी कधीच आत्मसात केली. ग्रंथपाल हे पद त्यातूनच आले. संगणकाच्या बाबतीत मात्र कपाट विकत घेऊन थांबण्याची आपली वृत्ती आहे. ज्यांच्या घरी कपाटही आहे आणि पुस्तकेही आहेत त्यांचे यात काही अडत नाही. बाकीच्यांसाठी प्रयोगशाळेतील तो एक संगणक हीच संधी आहे, आणि तिच्यातील जागेचा हिशेब ठेवणे हे संस्थेचे त्यांच्याप्रती असलेले देणे आहे.